आयुष्मान वय वंदना कार्ड: मामाजींच्या खुब्याच्या ऑपरेशनात किती कामी आलं

लिहीन लिहीन म्हणत होती पण सोयाबीन कापणीत मोबाइल हातात घ्यायलाही फुरसत नव्हती. काल शेजारच्या काकूनं विचारलं, बाई तुमच्या मामाजीचं ऑपरेशन खरंच फुकट झालं का, का लोक उगाच सांगून राहिले. तिला सांगता सांगता चुलीवरचं दूध उतू गेलं, तेव्हा म्हटलं हे एकदाचं लिहूनच काढते, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना कामी येईल.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस, तूर, सोयाबीन. घरात मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू, माझे मिस्टर, मी आणि दोन पोरं. मामाजींचं वय आधार कार्डाप्रमाणे ७४, दहा-बारा वर्षांपासून शुगर आणि बीपी. जुलैत झडी लागली होती, सकाळी गोठ्यात वैरण टाकायला गेले आणि ओल्या शेणावर पाय सरकला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. गोळा बदलावा लागला, सात दिवस दवाखान्यात होते. ऑपरेशन, गोळा, भूल, औषधं, बेडचं भाडं, त्यांचं जेवण यातल्या कशाचेच पैसे आम्हाला लागले नाहीत, सगळं आयुष्मान वय वंदना कार्डावर झालं. तर काकूला जे सांगितलं तेच इथं, हो, खरंच झालं. पण मधात जे जे अडलं तेही सांगते कारण ते आधी माहीत असतं तर मामाजींना एक रात्र पाय तसाच धरून विव्हळत काढावी लागली नसती.

आधी हे कार्ड काय आहे ते. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही मिळते. कोणालाही म्हणजे खरंच कोणालाही, पिवळं कार्ड पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, यादीत नाव पाहिजे असं काही नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला हे सुरू झालं. त्याच्या आधी २०१८ मधी जी आयुष्मान भारत योजना आली होती ती २०११ च्या सर्व्हेच्या यादीवर होती, आणि त्या यादीत आमचं नाव नव्हतं, पक्क्या भिंती दिसल्या म्हणून असंल नाहीतर काय ते आम्हाला कधी कळलंच नाही. त्यामुळं मामाजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की सरकारी विमा आपल्यासाठी नसतो, आपण मधातले, ना गरिबात ना श्रीमंतात. माझ्या मते या कार्डाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे की वय सोडून दुसरं काही विचारत नाहीत. वर्षाला ५ लाखापर्यंतचा दवाखान्यात भरती होऊन केलेला इलाज, आणि आधीपासूनचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. हप्ता शून्य.

हे आधीपासूनच्या आजाराचं मी दोनदा सांगते कारण माझे दीर नागपूरला कंपनीत आहेत, त्यांनी दोन वर्षांआधी मामाजींसाठी प्रायव्हेट विमा काढायचं मनावर घेतलं होतं. आता नियम बदललेत, १ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना ६५ वर्षांवरच्यांना वयामुळं नाही म्हणता येत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा जीएसटीही काढून टाकला, ते चांगलंच झालं. पण शुगर आहे म्हटल्यावर जुन्या आजारासाठी थांबायचा काळ लावतात, तो जास्तीत जास्त तीन वर्षं असतो. ७४ च्या माणसाला तीन वर्षं थांबा म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच पाहा. आणि हप्ता एवढा सांगितला की आमचं एका एकराचं सोयाबीन त्यात गेलं असतं, तेही दरवर्षी. दिरांचं मन मोठं होतं पण आम्हीच नको म्हटलं.

आता कार्ड काढायचं. मागच्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतीत कॅम्प लागला. आशाताई घरोघरी सांगून गेली. मामाजी म्हणे, "कायले त्या कागदामागं धावतं बाई, मले काय होऊन राहिलं?" आणि खरंच तेव्हा ते धडधाकट होते, स्वतः बंडी जुंपून वावरात जायचे. मीच मागं लागली, म्हटलं मामाजी चला, फक्त आधार कार्ड लागते, मोबाइल लागते, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ध्या तासाचं काम दिवसभर चाललं. काऊन तर अंगठा. मशीनवर अंगठा लागतच नव्हता. ज्यांनी पन्नास वर्षं कापूस वेचला त्यांचा अंगठा पाहा एकदा जवळून, बोंडाची टोकं टोचून टोचून कातडी जाड झालेली, मधात उभ्या भेगा, रेषा कुठं आहे तेच दिसत नाही. तो पोरगा म्हणे काकाजी जोरात दाबा, मग म्हणे हलकं दाबा, मग ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, मग दहाही बोटं लावून पाहिली. मामाजींचा चेहरा उतरला होता, त्यांना वाटत होतं आपलीच काही चूक होऊन राहिली. मी त्यांना म्हटलं मामाजी तुमची चूक नाही, मशीनचीच आहे. मग माझ्या लक्षात आलं की आधारला मोबाइल लिंक असला की ओटीपीवर होते, पण लिंक होता तो जुना नंबर, ते सिम कधीचंच बंद. शेवटी त्या पोरानं आयुष्मान ॲपमधी चेहऱ्यावरून केलं, मामाजींना दारात उजेडाकडं तोंड करून उभं केलं, चष्मा काढायला लावला, पापणी मिटा उघडा म्हटलं, आणि झालं की. सकाळीच हे केलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून सांगून ठेवते, अंगठा लागला नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला परत पाठवू देऊ नका, ओटीपी आहे, डोळ्याचं मशीन आहे, चेहऱ्याचं आहे, त्यांनाच म्हणा की दुसऱ्या पद्धतीनं करा.

कार्ड काढणं फुकट आहे. आमच्याकडून नंतर एका सेंटरवाल्यानं प्रिंट आणि लॅमिनेशनचे म्हणून १०० रुपये घेतले, नाव नाही लिहीत, पण तुम्ही विचारा काय कशाचे घेऊन राहिले ते.

आत्याबाईचं मात्र झालं नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटते. त्यांच्या आधारवर जन्मसाल १९५७ आहे. म्हणजे कॅम्प लागला तेव्हा कागदावर ६८. आता त्या स्वतः सांगतात की बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या आणि माझे मोठे जेठ तेव्हा झाडाखाली झोळीत असायचे. १९५७ चा जन्म धरला तर बहात्तरात त्या पंधरा वर्षांच्या होतात, आणि मांडीवर पोरगं त्याच्याही आधीचं. कोणी आधार काढताना अंदाजे साल टाकलं, १ जानेवारी तारीख टाकली, आणि तेच आता देवाघरचं लिखाण झालं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांमधी अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो, पाहा तुमच्या घरी. ही योजना वय फक्त आधारवरूनच धरते. आधारवरची जन्मतारीख बदलायची तर एकदाच बदलता येते आणि त्याला कागद लागतो, जन्माचा दाखला नाहीतर तसलं काही. आत्याबाई शाळेत गेल्याच नाहीत, दाखला कुठला आणणार. या एका गोष्टीसाठी मी या योजनेचा एक मार्क कापते, कारण शिकलेल्या म्हाताऱ्याचं वय कागदानं सिद्ध होते आणि ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं तिचं होत नाही.

पण म्हणून आत्याबाई उघड्यावर नाहीत, हे मला नंतर कळलं आणि गावात कोणालाच हे नीट माहीत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून आपल्या राज्याची आहे, जुने लोक तिला अजून जीवनदायीच म्हणतात, २०१२ मधी राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हा पहिल्या जिल्ह्यांमधी आपल्या भागातले अमरावती आणि गडचिरोली होते. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती, मग शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांमधे म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही दिली, सातबारा दाखवून. आणि जुलै २०२४ पासून राशन कार्ड कोणत्याही रंगाचं असो, सगळ्या कुटुंबांना ५ लाखापर्यंत केली, आधी दीड लाखच होती. म्हणजे ७० च्या खालच्या म्हाताऱ्या माणसाला वय वंदना नाही मिळालं तरी राशन कार्ड आणि आधारवर हे मिळते. फक्त राशन कार्डात नाव पाहिजे आणि दोन्हीकडं सारखं पाहिजे. आत्याबाईचं राशन कार्डावर माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं, ते मी मागच्या महिन्यात तहसीलला दोन चकरा मारून दुरुस्त करून आणलं.

आता जुलैची गोष्ट. पडले तेव्हा आधी ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथं एक्सरे काढला, डॉक्टर चांगले होते, म्हणे खुब्याची मान मोडली, इथं होणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ ची गाडी मिळाली. आम्ही शहरातल्या एका प्रायव्हेट दवाखान्यात नेलं कारण बाहेर योजनेचा मोठा बोर्ड होता. मी काउंटरवर कार्ड ठेवलं. त्यांनी घेऊन पाहिलं, आणि म्हणे ताई ३० हजार डिपॉझिट भरा, कार्डाचं नंतर पाहू. मिस्टर म्हणे भरून टाकू, माणूस कण्हत आहे. ते सावकाराकडं फोन लावायलाच लागले होते. मला कुठंतरी खटकलं. मी विचारलं की आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणारा माणूस, कुठं बसतात. तर म्हणे आज सुट्टीवर आहे. मी म्हटलं मग हाडाचं ऑपरेशन तुमच्याकडं या कार्डावर होते का ते तरी सांगा. तेव्हा कुठं त्या बाईनं सांगितलं की आमच्याकडं किडनीचं आणि पोटाचं आहे योजनेत, हाडाचं नाही.

हे तुम्ही पक्कं लक्षात ठेवा. बोर्ड आहे म्हणजे सगळं होते असं नाही. एकेक दवाखाना एकेका विभागासाठी योजनेत असतो. आणि हे कार्ड कॅशलेस आहे, आधी भरा मग परत मिळंल असं यात नसते. कोणी म्हटलं नंतर पाहू तर समजायचं की ते पैसे गेले. आम्ही ती रात्र तिथंच काढली, मामाजींच्या पायाला वजन लटकवून ठेवलं होतं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं त्याचे आणि बेडचे मिळून ४,३०० रुपये घेतले. माझ्या मिस्टरांनी रात्रभर बापाचा पाय धरून ठेवला, हलला की ओरडायचे म्हणून.

रात्रीच मी १४५५५ ला फोन लावला. हा आयुष्मानचा टोल फ्री नंबर आहे, फुले योजनेचा १५५३८८ आहे, दोन्ही लिहून ठेवा, कार्डाच्या मागं चिकटवून ठेवा. दोनदा कटला, तिसऱ्यांदा लागला. मी जिल्हा सांगितला, हाडाचं ऑपरेशन सांगितलं, त्यांनी जवळच्या दवाखान्यांची नावं सांगितली. योजनेच्या वेबसाइटवरही जिल्हा आणि विभाग टाकला की यादी निघते, ते माझ्या पोरानं नंतर दाखवलं, दहावीत आहे, तेव्हा सोबत असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिथं नेलं. नाव लिहीत नाही, ट्रस्टचा दवाखाना आहे, पण तिथला आरोग्यमित्र म्हणजे जो पोरगा होता त्याचं कौतुक केल्याशिवाय मला राहवत नाही. दारातून आत गेलं की उजव्या हाताला त्याचं टेबल, वर योजनेचा पिवळा-निळा फलक. त्यानं मामाजींना स्ट्रेचरवरून कुठं हलवू दिलं नाही, स्वतः मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ आला, फोटो घेतला, कार्डाचा नंबर टाकला, म्हणे आबाजी घाबरू नका, कागद माझ्याकडं. मग मला बसवून समजावलं की आता डॉक्टर तपासतील, एक्सरे आणि रिपोर्ट वर पाठवायचे, वरून मंजुरी आली की ऑपरेशन. तातडीचं असलं तर मंजुरीसाठी थांबत नाहीत, आधी इलाज सुरू करतात. मामाजींची शुगर ३०० च्या वर गेली होती त्यामुळं तसाही एक दिवस शुगर उतरवायला लागणारच होता. मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. एक बाटली रक्त लागलं, मिस्टरांनी दिलं.

एक जरा वेगळं झालं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका सिस्टरनं चिठ्ठी दिली की हे इंजेक्शन बाहेरून आणा, २,२०० रुपयांचं. मिस्टर खिशात हात घालून मेडिकलकडं निघालेच होते. मी म्हटलं थांबा, आरोग्यमित्राला विचारू. सकाळी त्याला चिठ्ठी दाखवली तर तो सरळ वॉर्डात गेला, काय बोलला मला ठाऊक नाही, पण इंजेक्शन दवाखान्यातूनच आलं. पॅकेजमधी औषधं येतात, गोळा येतो, भरती व्हायच्या आधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या येतात आणि सुट्टी झाल्यावर १५ दिवसांची औषधं येतात. हे त्यानंच सांगितलं होतं म्हणून मला विचारायची हिंमत झाली. आपल्या लोकांना विचारायला भीती वाटते, डॉक्टर नाराज होईल, म्हाताऱ्याकडं लक्ष देणार नाही असं वाटते. मलाही वाटत होतं. पण विचारल्यावर कोणी नाराज झालं नाही.

सुट्टीच्या दिवशी मामाजींना वॉकरवर चार पावलं चालवलं. कॉरिडॉरच्या भिंतीला धरून आत्याबाई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मामाजी चार पावलं चालून थांबले आणि म्हणे, "बिल किती झालं?" मी म्हटलं काहीच नाही मामाजी. त्यांना पटलंच नाही. गाडीत बसल्यावर पुन्हा विचारलं, "खरं सांग बाई, बैल तं नाही विकला?" त्यांच्या लहानपणी त्यांच्या बापाच्या पोटाच्या ऑपरेशनाला एक जोडी गेली होती, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

बैल नाही विकला. पण फुकट म्हणजे सगळंच फुकट असं समजून जाऊ नका, त्याची तयारी ठेवून जा. पहिल्या दवाखान्यातले ४,३०० गेलेच. मग मिस्टर आणि मी आळीपाळीनं राहिलो, आमचं जेवण, गावाहून येणंजाणं, दोन आठवडे मजूर लावले निंदणाला ते, वॉकर, कमोडची खुर्ची, असं करत करत २० हजारांच्या जवळपास आमचे घरचे लागले. सुट्टी झाल्यावर पंधरा दिवसांच्या पुढं गावात व्यायाम शिकवणारा कोणी नाही, तालुक्याहून एक जण आला तर एका वेळचे ४०० घेतले, मग मीच त्याच्याकडून शिकून घेतलं आणि रोज सकाळी करून घेते. वॉकर आणि खुर्चीसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ वर्षांवरच्यांना एकदा ३,००० रुपये खात्यात येतात, उत्पन्न २ लाखाच्या आत पाहिजे, त्याचा अर्ज केला आहे.

आणि या कार्डाची जी सगळ्यात मोठी कमी आहे ती ही की बाहेरच्या बाहेर दाखवलं, ओपीडी, महिन्याच्या गोळ्या, यातलं काहीच नाही. मामाजींच्या शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याला लागतातच, त्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात तेव्हा मिळतात, संपल्या की विकत. म्हातारपणाचा खरा खर्च तर तिथंच आहे नं, ऑपरेशन जन्मात एकदा होते, गोळ्या रोजच्या. गावातले एक काकाजी फौजेतून रिटायर आहेत, त्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना आहे. त्यांच्यासारख्यांना, केंद्र सरकारच्या नोकरांच्या सीजीएचएस योजनेवाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावं लागते. ते मला विचारायला आले होते, मी म्हटलं काकाजी तुम्ही आहे तेच ठेवा, तुम्हाला पॉलिक्लिनिकमधून दर महिन्याला गोळ्या मिळतात, त्या सोडून इकडं यायचं काही कारण नाही. ज्यांच्याकडं प्रायव्हेट विमा आहे त्यांना मात्र काही सोडावं लागत नाही, तो ठेवूनही हे कार्ड काढता येते.

नवरा-बायको दोघंही ७० च्या वरचे असतील तर ५ लाख दोघांना मिळून आहेत, दोघांना वेगळे ५-५ नाहीत. हे काही लोक चुकीचं सांगतात. पण ज्यांचं घर २०१८ च्या योजनेच्या यादीत आधीच आहे, त्यांच्या ७० च्या वरच्यांचे ५ लाख वेगळे धरतात, घरच्या बाकीच्यांचे त्यातून कापले जात नाहीत.

अजून एक. आमच्या गल्लीतल्या एका आबाजींना मागच्या साली लकवा मारला तेव्हा त्यांचा पोरगा बँकेचं पासबुक घेऊन दवाखान्यात गेला होता, की आमचा विमा आहे, दरवर्षी पैसे कापतात. ते २० रुपये कापतात ना मे महिन्यात, तो अपघाताचा आहे, अपघातात माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर २ लाख. आणि ४३६ रुपये कापतात तो जीवन विमा, तो वयाच्या ५५ पर्यंतच. दवाखान्याचा खर्च दोन्हीत नाही. तसंच आभा कार्ड, १४ आकड्यांचा नंबर असतो, त्यावरही आयुष्मान लिहिलेलं असते म्हणून लोक फसतात, पण तो फक्त आपले रिपोर्ट जोडून ठेवायचा नंबर आहे, त्यावर एक रुपयाचा इलाज होत नाही. तो पोरगा काउंटरवर पासबुक उघडून उभा होता आणि समोरचा माणूस नाही नाही म्हणून मान हलवत होता, मी तिथं नव्हती पण त्यानं स्वतः सांगितलं तेव्हा मला ऐकवलं नाही. म्हातारं माणूस घरात असलं तर आजच ती पिशवी काढा, ज्यात सगळे कागद असतात, आणि पाहा की खरंच कोणतं कार्ड आहे.

माझं माहेर सेवाग्रामच्या बाजूचं. माझी आजी सांगायची की कस्तुरबा दवाखान्याचे लोक गावात यायचे, सुगीत घरटी ज्वारी जमा करायचे आणि तोच वर्षभराचा विमा, ज्याची जेवढी ऐपत तेवढी ज्वारी. दवाखान्यात गेलं की बिलात सूट मिळायची. आजीला लिहिता वाचता येत नव्हतं पण तिला तो विमा समजला होता, कारण पायलीभर ज्वारी तिनं स्वतः मोजून दिली होती, आणि कोणाला विचारायचं तो माणूस तिला माहीत होता. आता ज्वारी द्यावी लागत नाही, ५ लाखाचं कार्ड आहे, पण कोणाला विचारायचं तो माणूस गावात नाही. आशाताईवर आधीच शंभर कामं. माझं म्हणणं आहे की दर ग्रामपंचायतीत महिन्यातून एक दिवस तरी आरोग्यमित्रानं येऊन बसावं, कार्ड काढायला नाही, सांगायला. कोणता दवाखाना कशासाठी आहे याची यादी पंचायतीच्या भिंतीवर लावली तरी किती लोकांच्या रात्री वाचतील. मी आमच्या सरपंचबाईला हे म्हटलं आहे, ग्रामसभेत मांडते म्हणाल्या.

तर माझ्याकडून पाचपैकी चार. पैशाचं जे सांगितलं ते त्यांनी पाळलं, हे मी स्वतः पाहिलं. एक मार्क गेला आत्याबाईसारख्यांच्या वयासाठी, आणि अर्धा मी गोळ्यांसाठीही कापणार होती पण मामाजी म्हणे राहू दे, पायावर उभं केलं न त्याईनं.

कोणाला कार्ड काढायचं असंल तर आधी तीन गोष्टी घरीच पाहा, आधारवरचं साल, आधारला लिंक असलेला नंबर चालू आहे का, आणि आधार आणि राशन कार्डावरचं नाव. हे माणूस चालतं फिरतं असतानाच करा, पाय मोडल्यावर आधार सेंटरच्या पायऱ्या चढता येत नाहीत. आमच्या गावातल्यांनी माझ्याकडं आलं तरी चालंल, मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगीन. या मंगळवारी बाजाराच्या दिवशी मी तिघींना घेऊन तालुक्याला चालली आहे, दोघींचा मोबाइल नंबर बदलायचा आहे आणि एका आजीचं साल. तिला नशिबानं चौथीचा दाखला सापडला, कोठीतल्या पेटीत, तिच्या माहेरच्या लुगड्याच्या घडीत ठेवलेला होता.